गळा निळा का झाला?

हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये मम्मट नावाचा एक पंडित होऊन गेला. काव्यात काय शोभते आणि काय शोभत नाही याचा हिशेब मांडताना त्याने चक्क कालिदासाला धारेवर धरले. 'कुमारसंभवा'त शिवपार्वतीच्या शृंगाराचे वर्णन आहे. मम्मटाचे म्हणणे असे, की जगाच्या मायबापांचा शृंगार रंगवणे म्हणजे स्वतःच्या आईवडिलांचा शृंगार रंगवण्यासारखेच. अत्यंत अनुचित! त्याच्या आधी दोनेकशे वर्षे, त्याच काश्मीरमध्ये, आनंदवर्धनानेही या वर्णनाबद्दल लिहून ठेवले होते. अनौचित्य त्यालाही दिसले होते, पण कवीची शक्ती एवढी दांडगी की वाचताना तो दोष झाकून जातो, असा निवाडा त्याने दिला. देवांवरचे एक पुस्तक, दोन जाणकार वाचक, दोन अभिप्राय. पुढे 'कुमारसंभव' वाचणाऱ्यांना या दोघांपैकी कुणाच्या तरी बाजूला बसावे लागले.

सकाळच्या चहाबरोबर हे दोघे पंडित आठवले ते अमीश त्रिपाठी यांच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'मुळे. २०१० साली आलेल्या या कादंबरीबद्दल अजून चार वाचक एकत्र बसले की वाद होतो, आणि तो अर्ध्यावर सोडूनच उठावे लागते. अमीश मुंबईत जन्मले, कोलकात्याच्या आयआयएममध्ये शिकले आणि विमा कंपनीत नोकरी करता करता त्यांनी हे पुस्तक लिहिले. प्रकाशकांनी एकामागून एक नकार दिले. शेवटी त्यांच्या लिटररी एजंटनेच ते छापले. मग लेखकाने आपल्या शिक्षणाला जागून बाजाराचा विचार केला. पहिले प्रकरण वेगळे छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटायला ठेवले, सिनेमाचा करतात तसा पुस्तकाचा ट्रेलर काढला. पुस्तक धो धो खपले. २०११ मध्ये 'द सीक्रेट ऑफ द नागाज' आणि २०१३ मध्ये 'द ओथ ऑफ द वायुपुत्राज' असे पुढचे दोन भाग आले. मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांत अनुवाद झाले. मुंबईच्या फुटपाथवर खऱ्याखोट्या प्रतींच्या चळती लागल्या. फुटपाथवर नक्कल विकली जाणे हीसुद्धा आपल्याकडे एक प्रकारची पावतीच.

गोष्ट इसवी सनापूर्वी १९०० ची. मानसरोवराच्या काठी चिलीम ओढत बसलेला शिव हा गुणा नावाच्या तिबेटी टोळीचा म्होरक्या आहे. शेजारच्या टोळीच्या रोजच्या हल्ल्यांना तो विटला आहे. मेलुहा नावाच्या संपन्न राज्याचा अधिकारी नंदी त्याला आपल्या देशात येऊन राहण्याचे निमंत्रण देतो. टोळी काश्मीरमध्ये श्रीनगरला उतरते. तिथे या नव्या लोकांना एक औषध दिले जाते, आणि रात्री सगळे तापाने फणफणतात. शिवाचा मात्र निखळलेला खांदा जाग्यावर येतो, हिमदंशाने गेलेले पायाचे बोट बरे होते आणि गळा निळा पडतो. मेलुहावासीयांची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा, की नीलकंठ येईल आणि आपल्याला तारील. राजापासून शिपायापर्यंत सगळे या रांगड्या डोंगरी माणसाच्या पाया पडू लागतात, आणि हे काय चालले आहे ते त्या बिचाऱ्याला कळत नाही.

सुरुवात फक्कड आहे, यात शंका नाही. भक्तांना देव कळण्याआधी देवालाच आपण देव असल्याचे दुसऱ्याकडून कळावे, ही कल्पना सुचणे सोपे नाही.

मग वाचक भांडतात कशावरून? चिलमीवरून नाही. गांजा ओढणारा, चिडणारा, प्रेमात धडपडणारा शिव पाहून आपल्याकडे फारसा गदारोळ झाला नाही. महाशिवरात्रीला भांग घोटणाऱ्या देशात तो व्हायलाही नको होता. भांडण पहिल्यांदा होते ते भाषेवरून. मूळ इंग्रजीत हा शिव वैतागला की हॉलिवूडच्या नायकासारखे शब्द तोंडातून काढतो. मेलुहाचे दरबारी आजच्या कचेरीतल्या मीटिंगसारखे बोलतात. चार हजार वर्षांपूर्वीच्या नगरात आपण रमू लागावे आणि तेवढ्यात कुणीतरी असे बोलावे, की थेट वांद्रे-कुर्ला संकुलात येऊन पडावे. पुष्कळांचा रसभंग इथेच झाला. आणि पुष्कळांनी नेमके याच्यासाठी पुस्तकाला दुवा दिला. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी कादंबरी शेवटपर्यंत वाचली ती हीच, असे सांगणारे आजही भेटतात. त्यांच्या बोलण्यात कसलाही न्यूनगंड नसतो, हे मला फार आवडते.

पहिल्या तक्रारीचा विचार करताना मात्र मी अडखळतो. देवांनी आजच्या बोलीत बोलू नये, हा नियम आपल्याकडे होता कधी? तळकोकणातल्या दशावतारात संवादांची लिखित संहिता नसते. नट रंगमंचावर उभा राहून आयत्या वेळी बोलतो, आणि पूर्वरंगातला संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवून झाल्यावर झणझणीत मालवणीत असे काही सुनावतो, की समोर बसलेल्या गावकऱ्यांना हसू आवरत नाही. तमाशातल्या गवळणीत कृष्ण मथुरेच्या बाजाराची वाट अडवतो, तेव्हा त्याच्या बाजूला पेंद्या असतो आणि समोर मावशी. त्या तिघांच्या तोंडी गावच्या पाटलापासून कालच्या निवडणुकीपर्यंत काहीही येऊ शकते. जेजुरीचा खंडोबा तर धनगराच्या बाणाईपायी तिच्या वाड्यावर चाकर होऊन राहिला, मेंढरे राखली, आणि तिला घेऊन गडावर आल्यावर म्हाळसेने जो कालवा केला तो वाघ्यामुरळींच्या गाण्यांतून अजून ऐकू येतो. सवतीसवतींची भांडणे ज्या बोलीत होतात त्याच बोलीत ती गाणी आहेत. यातले काहीच कुणाला अपमानास्पद वाटले नाही.

म्हणजे बोली आजची आहे हा दोषच नाही. दोष असलाच तर असा, की ती कुणाचीच नाही. संकासुर संकासुरासारखा बोलतो, मावशी मावशीसारखी. 'मेलुहा'त सेनापती पर्वतेश्वर, राजा दक्ष, वैद्य आयुर्वती, शास्त्रज्ञ बृहस्पती हे सगळे एकाच सुरात बोलतात, आणि बहुतेक वेळा समजावून सांगतात. शिवाने प्रश्न विचारायचा, कुणीतरी उत्तर द्यायचे, शिवाने आश्चर्य करायचे. पुन्हा पुढच्या नगरात तेच. रांगडा गडी म्हणून आवडलेला हा नायक शंभर-सव्वाशे पानांनंतर शैक्षणिक सहलीला आल्यासारखा वाटू लागतो.

इथे आनंदवर्धन पुन्हा आडवा येतो. त्याने दोषांचे दोन प्रकार केले होते. विद्वत्ता कमी पडल्याने होणारा दोष प्रतिभेच्या जोरावर झाकला जातो. प्रतिभाच कमी पडली तर तो दोष लगेच उघडा पडतो, त्याला झाकण नाही. या न्यायाने 'मेलुहा'ची भाषा पाहिली तर पुस्तक पहिल्याच आवृत्तीत बुडायला हवे होते. बुडाले नाही. लाखोंनी ते वाचले, आणि ते सगळे काही अडाणी नव्हते. भाषा सामान्य आहे हे त्यातल्या कित्येकांना वाचतानाच दिसत होते. दिसत असूनही ते रात्री दोन वाजेपर्यंत वाचत राहिले. आचार्यांच्या हिशेबात न बसलेली कोणती गोष्ट त्यांना धरून ठेवत होती?

मला वाटते, पुढे काय होणार हे कळण्याची ओढ. संस्कृत साहित्यशास्त्राने तिला फार मान दिला नाही, आणि त्याला कारणही होते. त्या वाचकाला गोष्ट आधीच ठाऊक असायची. शिवपार्वतीचे लग्न होते की मोडते, हे पाहायला कुणी 'कुमारसंभव' उघडत नव्हते. गोष्ट ठाऊक, म्हणून सगळे लक्ष ती कशी सांगितली याकडे. अमीश यांनी केलेली खरी करामत ही, की त्यांनी ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा अनोळखी करून टाकली. शिव आहे, सती आहे, दक्ष आहे. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या कथेमुळे दक्षाच्या यज्ञात सतीचे काय झाले हेही आपल्याला माहीत आहे. पण इथे दक्ष प्रेमळ बाप दिसतो, सती तलवार चालवते, नंदी जाडजूड हसतमुख कॅप्टन आहे, आणि शिवाची बाजू कोणती हे शिवालाच ठरवता येत नाही. मग पुराणातले ते भविष्य खरे होणार की लेखक वाट वळवणार, या धाकधुकीत माणूस पाने उलटतो. पहिला भाग तर अयोध्येत ऐन हल्ल्याच्या क्षणी तुटतो. सती एकटी, समोरून 'नाग' म्हणवल्या जाणाऱ्या लोकांपैकी एक जण झेपावतो, आणि पुस्तक संपते. वाचक संतापले. दुसरा भाग यायला वर्षाहून अधिक काळ लागला, तो आल्या आल्या उड्या पडल्या. संध्याकाळच्या कीर्तनात उत्तररंगाचा आख्यानभाग ऐन रंगात आणून बुवांनी उरलेले उद्या म्हणावे, तसला हा प्रकार. चिडून घरी गेलेला श्रोता दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन पुढची जागा धरतो.

दुसरे भांडण जास्त खोल आहे. ते गळ्यावरून आहे.

पुराणात समुद्रमंथनातून हलाहल निघाले. देव पळाले, असुर पळाले. शिवाने ते प्यायले आणि गळ्यात धरले. कादंबरीत शिवाने प्यायलेले औषध म्हणजे सोमरस, आणि सोमरसाचा एका विशिष्ट शरीरावर झालेला परिणाम म्हणजे निळा गळा. पुढे मंदार पर्वतावरच्या प्रयोगशाळेत बृहस्पती सविस्तर खुलासा करतो: प्राणवायूशिवाय आपण जगत नाही, पण त्याच प्राणवायूपासून शरीरात असे घटक तयार होतात की ते आपल्याला आतून झिजवतात. सोमरस त्यांचा निचरा करतो, म्हणून मेलुहातली माणसे शंभरी उलटली तरी तरुण दिसतात. मंथनाचा मंदार इथे सोमरसाचा कारखाना होतो.

काही वाचकांना हे वाचून काय आनंद झाला! लहानपणापासून मनात अडकलेला काटा निघाल्यासारखे त्यांना वाटले. श्रद्धाही राहिली आणि विज्ञानही आले, कॉलेजात मित्रांसमोर शिवाचे नाव घ्यायला लाजायला नको. दुसऱ्यांना वाटले, चोर घरात शिरला, सगळे नीट आवरून ठेवले आणि तेवढी मूर्ती घेऊन गेला. मी या दुसऱ्यांच्या जवळचा. पुराणातल्या त्या गळ्यात काहीतरी अडकलेले आहे. शिव विष गिळत नाही आणि थुंकतही नाही. गिळले तर स्वतः जळणार, थुंकले तर जग. ते तिथेच, गळ्यात, कायमचे धरून राहणे, याच्याकडे कितीही वेळ पाहत राहावे. दुःख मुलांना कळू न देणाऱ्या आईपासून घरची भांडणे पोटात ठेवणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत कुणालाही त्या गळ्यात आपले काहीतरी दिसते. कादंबरीतला निळा गळा ओळख पटवण्यापुरता आहे. ओळख पटली की त्याचे काम संपते, आणि मग शिव तो झाकायला गळ्याभोवती वस्त्र गुंडाळून हिंडतो, लोकांनी ओळखू नये म्हणून!

देवाला माणूस करण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते काम आपल्याकडे दीडशे वर्षे तरी चालू आहे. बंकिमचंद्रांनी 'कृष्णचरित्रा'त कृष्णाभोवतीचे चमत्कार दूर सारले. इरावतीबाई कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातली माणसे अशी काही उभी केली, की त्यानंतर गांधारीकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येईना. शिवाजी सावंत 'मृत्युंजय'नंतर बऱ्याच वर्षांनी 'युगंधर'कडे वळले, तेही भक्तीच्या थरांखालचा माणूस शोधायलाच. फरक एवढाच, की इरावतीबाई चमत्कार काढून घेतात तेव्हा त्या रिकाम्या जागी माणसाचे दुःख येते. अमीश चमत्कार काढतात आणि त्या जागी यंत्र बसवतात. चमत्कार गेल्याचे दुःख नाही, यंत्राचा खडखडाट मात्र ऐकू येतो.

यातून एक जुनीच खोड बळावली. काही वाचकांनी कादंबरीला इतिहासाचे पुस्तकच मानले. लेखकाने तर 'असे झाले असेल का' एवढाच प्रश्न सुरुवातीला विचारला होता. 'मेलुहा' हे नाव मात्र बनावट नाही. मेसोपोटेमियातल्या मृत्तिकापट्टांवर पूर्वेकडच्या एका व्यापारी देशाचे ते नाव आहे आणि बहुतेक अभ्यासक तो देश म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश मानतात. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. म्हणजे कादंबरीकाराला अशी मोकळी जागा मिळाली, की तिथे त्याला खोटे पाडायला कुणी येऊ शकत नाही. मोहेंजोदडोला सापडलेली, शिंगांचा मुकुट घातलेल्या बैठ्या आकृतीची ती प्रसिद्ध मुद्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची आहे. जॉन मार्शल यांनी तिच्यात आद्य शिव पाहिला, पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या, आणि कुणाला ती महिषरूपी देवता वाटली. शिव ओळखण्यावरून कादंबरीच्या वाचकांनी भांडावे यात मग नवल काय? नव्वदेक वर्षे पुरातत्त्वज्ञही तेच करत आहेत, फक्त तळटीपा देऊन.

पुस्तकात समाजरचनेचे दोन प्रयोग आहेत आणि त्यांच्यावर व्हावी तेवढी चर्चा मी ऐकलेली नाही. मेलुहात प्रत्येक मूल जन्मल्यावर आईबापांपासून वेगळे काढतात, मैका नावाच्या नगरात सगळ्यांना सारखे वाढवतात, मग परीक्षा घेऊन वर्ण ठरवतात आणि त्या वर्णाच्या आईबापांना दत्तक देतात. वाचताना मला आधी बरे वाटले, मग दचकायला झाले. जन्माची उतरंड मोडली, पण तिच्या जागी बसली सीईटी! आपल्या मध्यमवर्गाचे स्वप्न चार हजार वर्षे मागे नेऊन ठेवले आहे आणि त्याची किंमत, म्हणजे मुलापासून तुटलेली आई, लेखक भराभर ओलांडून जातो. दुसरा प्रयोग विकर्माचा. गेल्या जन्मीच्या पापाची शिक्षा म्हणून ज्यांना या जन्मी कुणी शिवायचे नाही, असे लोक. सती त्यांतली एक. तिच्या स्पर्शानंतर शुद्धीकरण करून घ्यावे लागते, हे ऐकून शिव वेडाच होतो. त्याला तिच्या हाताचा स्पर्श धुऊन टाकायचाच नसतो. हा प्रसंग महाराष्ट्रात वाचताना मागे चवदार तळे दिसतेच. चोवीस तास समजावून सांगणाऱ्या या पुस्तकात इथे मात्र कुणी काही समजावत नाही, आणि म्हणूनच ते जागेवर लागते.

आणि आता ज्याच्यासाठी मी या त्रयीची बाजू घेतो तो भाग.

अमीश यांनीच सांगितले आहे, की या सगळ्याची सुरुवात घरी टीव्ही पाहताना झाली. प्राचीन इराण्यांवरचा कार्यक्रम होता. त्यांच्याकडे 'अहुर' म्हणजे देव आणि 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती, आपल्या नेमके उलट. मग खरे वाईट कोण, यावर घरात चर्चा सुरू झाली, लेखकाने पापपुण्यावर एक तात्त्विक लेखन सुरू केले, आणि घरच्यांनी सुचवले की हे गोष्टीतून सांग. पहिल्या भागात मेलुहाचे सूर्यवंशी चांगले आणि त्यांचे शत्रू चंद्रवंशी वाईट असे वाटत राहते. शिव चंद्रवंशीयांना युद्धात हरवतो, अयोध्येत शिरतो, आणि पाहतो तर तीही माणसेच. गबाळी, मोकळी, गाणीबजावणी करणारी, आणि तीही त्याच नीलकंठाची वाट पाहणारी. जिंकलेल्या शिवाला स्वतःची लाज वाटते. लोकप्रिय कादंबरीत नायकाला अशी लाज वाटणे दुर्मीळच.

पुढे तिसऱ्या भागापर्यंत उलगडत जाते ते असे, की वाईट कुणी राजा नाही, कुणी वंश नाही. ज्या सोमरसाने मेलुहाला दीर्घायुष्य दिले तोच आता विष झाला आहे. तो करायला सरस्वतीचे अफाट पाणी लागते, म्हणून नदी आटते आहे. त्याचा कचरा दूरच्या नदीत मिसळून ब्रंगदेशात रोगराई पसरते आहे. त्याच्यामुळेच काही मुले व्यंग घेऊन जन्माला येतात, त्यांना 'नाग' म्हणून हाकलतात. एके काळी ते अमृतच होते आणि कुणी कपटाने आणलेले नव्हते. काळ बदलला, प्यायची तोंडे वाढली आणि अमृत नासले, पण सोडवत नाही. कारण जे पितात ते शंभरी गाठतात, आणि जे मरतात ते दुसऱ्या नदीच्या काठी.

भाषेला नावे ठेवणाऱ्या वाचकांनी इथे थोडे थांबायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते. २०१३ मध्ये हा तिसरा भाग आला. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात उसाचे मळे होते आणि साखर कारखाने होते. ऊस काही राक्षसाने आणला नव्हता. त्याने शाळा काढल्या, रस्ते केले, मुलींची लग्ने लावून दिली. तो आता कुठे आणि किती असावा, हे बोलायला गेले की भल्याभल्यांची जीभ अडखळते. सरस्वतीचे प्रकरण मला या बातम्यांसोबत आठवले. अमीश यांची वाक्ये सपाट असतील, त्यांचा प्रश्न सपाट नाही. वाईटाशी लढणे सोपे, कारण ते समोर उभे असते. ज्याचे उपकार आपल्या अंगाखांद्यावर आहेत त्याच्याशी लढायचे, तर तलवार कुठे मारायची?

या प्रश्नाला न्याय देणारा शेवट मात्र लेखकाला साधला नाही. सतीच्या मृत्यूनंतर शिव पाशुपतास्त्राने मेलुहाची राजधानी देवगिरी जाळून टाकतो. दुःखाने वेडा झालेला शिव पुराणातही यज्ञ उद्ध्वस्त करतो, तेव्हा संगती आहे. पण सगळे पुस्तक ज्या बारकाईने चांगल्या-वाईटाचा गुंता दाखवत आले, तो गुंता एका अस्त्राने भस्म करून मोकळे होणे ही पळवाटच. पुष्कळ वाचक इथे रडले. तेवढेच वाचक इथे रागावले, आणि बहुधा दोन्ही करणारेही असतील.

नागांची राजधानी लेखकाने पंचवटीत ठेवली आहे, दंडकारण्यात, गोदावरीकाठी. नाशिकच्या वाचकाला हे वाचताना काळाराम मंदिर, रामकुंड, भाजीबाजार आणि रिक्षांची गर्दी बाजूला सारून तिथे घनदाट रान उभे करावे लागते. त्या पंचवटीत नागांचा जो लोकनायक आहे तो गणेश. व्यंग घेऊन जन्मलेला सतीचा पहिला मुलगा, जन्मतःच मेला असे तिला खोटे सांगून दूर धाडलेला. पार्वतीच्या मळापासून घडलेला गणपती इथे टाकून दिलेले मूल झाला आहे. शिरच्छेदाची गोष्ट नाही, हत्तीचे डोके बसवणे नाही. आहे तो आपल्या चेहऱ्यामुळे आईपासून तोडलेला मुलगा, आणि तो आईचा पाठलाग करत येतो. पहिल्या भागाच्या शेवटी सतीवर झेपावणारा नाग कोण, हे दुसऱ्या भागात कळते तेव्हा आधीच्या सगळ्या पानांचा अर्थ फिरतो. त्रयीतली सगळ्यांत जिवंत नाती याच्याभोवती आहेत. त्याला पाहिल्यावर सतीच्या तोंडून फारसे शब्द फुटत नाहीत, आणि सतत बोलणाऱ्या या पुस्तकात ते फार बरे वाटते.

गणपतीच्या बाबतीत एवढी मोकळीक घेतलेली महाराष्ट्राला खपेल का, अशी शंका कुणालाही आली असती. ती सहज खपली. ज्या महाराष्ट्रात मंडळांचे बाप्पा कधी सैनिक होतात, कधी क्रिकेटपटू, आणि 'बाहुबली' गाजला त्या वर्षी खांद्यावर शिवलिंग घेऊन उभे राहतात, तिथे त्याच्या रूपावरून कोण भांडणार? पंचवटीतल्या गणेशाबद्दल मी ऐकलेली तक्रार एवढीच, की तिसऱ्या भागात त्याला पाने कमी मिळाली.